नदीचे पाणी ओळखावे कसे?

दसरा झाला, सोयाबीन घरी आले, आणि पऱ्हाटीची वेचणी जोरात सुरू व्हायला अजून थोडा अवकाश आहे. अशा दिवसांत घरातली पोरे गळ घेऊन नदीकडे पळतात आणि मोठी माणसेही, कुणी पाहत नाही असे बघून, त्यांच्या मागोमाग जातात. पूर्णा, पेढी, काटेपूर्णा, मोर्णा, शहानूर, चंद्रभागा, वर्धा या आपल्या नद्या चार महिने मातकट वाहतात. आता त्यांचे पाणी निवळू लागले आहे. कडेचा तळ दिसतो, धार कुठून जाते ते कळते. नदी वाचायला शिकायची असेल तर वर्षातला हाच काळ बरा.

वाचायला म्हणजे काय, असे तुम्ही विचाराल. जमीन पाहून आपण सांगतो ना, की इथे पाणी साचेल, इथे पऱ्हाटी जळेल, इथे तूर चांगली येईल? तसेच वरचे पाणी पाहून खालचा तळ सांगता येतो. आपल्याकडच्या भोई मंडळींची ही पिढीजात विद्या आहे. काठावर आल्याबरोबर ते गळ टाकत नाहीत. आधी बसतात, विडी-तंबाखू होते, आणि तेवढ्या वेळात डोळे पाण्यावरून फिरत असतात. "पान्याकडे पाह्य आंधी, गळाकडे मंग," असे एका म्हाताऱ्या भोयाने मला सांगितले होते, आणि त्यात सगळे आले.

इंग्रज साहेबाने या विद्येचा छंद केला आणि त्यावर पुस्तके लिहिली. मद्रास इलाख्यातल्या एच. एस. थॉमस नावाच्या सनदी अधिकाऱ्याने १८७३ साली हिंदुस्थानातल्या गळाच्या मासेमारीवर एक जाडजूड ग्रंथ काढला. पुढे साहेब लोकांनी विलायतेतला ट्राउट मासा काश्मीर, हिमाचल, निलगिरी अशा थंड मुलखातल्या ओढ्यांत आणून सोडला. पिसांची खोटी माशी बनवायची, ती दोरीने अल्लद पाण्यावर टाकायची, आणि मासा नेमका कुठे उभा आहे ते पाण्याच्या हालचालीवरून ओळखायचे, असा तो खेळ. आपल्याकडे ट्राउट जगायचा नाही. त्याला साधारण २० अंशांच्या आतले थंड पाणी लागते, आणि आपल्या अकोल्यात वैशाखात सावलीतला पारा ४५ ला टेकतो. पण पाणी ओळखण्याच्या खुणा तिथे ज्या, त्याच इथे. पाणी सगळीकडे उताराकडेच धावते.

आता मासा कुठे राहतो ते पाहू. मासा हा फार हिशेबी प्राणी. पोटाला मिळावे, लपायला आडोसा असावा, आणि अंगाला कष्ट पडू नयेत, अशी जागा तो धरतो. प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो, कारण खाणे वरून वाहत येते. पण भर धारेत उभे राहायचे तर सारखे पोहत राहावे लागते, खाल्लेले सगळे त्यातच जिरते. म्हणून तो धारेच्या अगदी कडेला, संथ पाण्यात उभा राहतो आणि धारेतून काही आले की पटकन तोंड घालतो. जलद पाणी आणि संथ पाणी यांच्यामध्ये एक धुरा असतो, आपल्या दोन वावरांमध्ये असतो तसाच. काठावर पाच मिनिटे बसा. फेस, वाळलेली पाने, काडीकचरा एका ओळीने वाहताना दिसेल. तीच ती धार. त्या ओळीच्या अलीकडे-पलीकडे पाणी जिथे मंद होते, तो धुरा. गळ तिथे टाकावा. पुष्कळ लोक जोर लावून पार नदीच्या मध्यात गळ भिरकावतात आणि मासा त्यांच्या पायापासून चार हातांवर उभा असतो!

दगडाची खूणही अशीच. पाण्यावर दोन तिरक्या रेषा एकत्र येऊन बाणासारखे टोक झालेले दिसते. हे टोक वरच्या अंगाला, म्हणजे पाणी येते त्या बाजूला असेल, तर त्या टोकाशी बुडालेला दगड आहे असे समजा. टोक खालच्या अंगाला असेल तर दोन दगडांच्या मधून निघालेली ती मोकळी, खोल धार. दगड फार खोल बुडालेला असला तर नुसता गुळगुळीत फुगवटा दिसतो आणि त्याच्या जरा खाली पाणी उकळल्यासारखे वर येते. दगडाच्या मागे पाणी मंद असते, तिथे मासा विसावतो. वाम तर दगडांच्या कपारीतच राहते आणि रात्री बाहेर पडते.

डोहात तिन्ही थरांना वस्ती असते. कटल्याचे तोंड वर वळलेले, तो वरवरचे खातो. रोहू मधल्या थरात हिंडतो. मृगळ तळाचा गाळ चिवडतो. शिंगाडाही तळाचाच, आणि तो दिवस मावळल्यावर हलतो. मरळीला मात्र वाहते पाणी फारसे लागत नाही. ती वर येऊन हवा घेते, त्यामुळे काठच्या गवताशी, लव्हाळ्याशी संथ पाण्यातही सुखाने राहते. पावसाळ्यात मरळीजवळ तांबूस पिलांचा झुबका फिरताना दिसतो. आईबाप दोघे त्यावर पहारा करतात. अशा वेळी ती मरळ धरू नये, धरली तर तो सारा झुबका दुसऱ्या माशांच्या पोटात जातो.

आणखी एक सांगून ठेवतो. मासा कानाने ऐको न ऐको, काठावरच्या पावलांचा धमका त्याला अंगाने कळतो. पाण्यावर सावली पडली की तो गेलाच. म्हणून सूर्य पाठीशी घेऊन उभे राहू नका, आणि जायचे तर खालच्या अंगाने वर जा. तो वर तोंड करून उभा असतो, तुम्ही त्याच्या पाठीमागून येता.

इथवर गळाची गोष्ट झाली. पण हा विषय मी घेतला तो केवळ गळासाठी नव्हे. मासा ज्या खुणांनी सापडतो त्याच खुणांनी माणसाच्या जिवाचा धोकाही कळतो, आणि दरवर्षी आपल्या दोन्ही जिल्ह्यांत कुठे ना कुठे नदीवर गेलेले पोर घरी परत येत नाही. पोहता येणारेही जातात. म्हणून हा पुढचा भाग घरातल्या आईबहिणींनी आणि पोरांनीही ऐकावा. कुणाला वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवा.

नदी कधी सरळ वाहत नाही. सपाट मुलखातली पूर्णा तर दर्यापूर, मूर्तिजापूरच्या काळ्या मातीतून नुसती वळणे घेत जाते. वळणावर पाण्याचा जोर बाहेरच्या काठाला लागतो. तो काठ उभा कापला जातो, दरड होते आणि तिच्या पायथ्याशी डोह पडतो. आतल्या काठाशी पाणी मंद, तिथे रेती-गाळ बसतो आणि उथळ सपाट जागा होते. दरडीखाली डोह, समोर रेती, हा सगळ्या नद्यांचा नियम. धुणे धुवायला, जनावरे पाजायला, पोरांना डुंबायला आपले वाडवडील नेहमी रेतीच्या बाजूने उतरत. दरडीच्या बाजूने कुणी उतरत नसे, कारण काळी माती ओली झाली की साबणासारखी निसटते. ऋणमोचनला गाडगेबाबांनी पूर्णेवर घाट बांधला, त्याची किंमत चिखलातून उतरणाऱ्या बायाबापड्यांनाच कळे.

दोन वळणांच्या मध्ये धार एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे जाते. तिथे तळ वर येतो, पाणी पसरते आणि त्यावर बारीक लाटांची खळखळ दिसते. तोच उतार. जुन्या गाडवाटा नदीला नेमक्या तिथेच ओलांडतात, हे तुमच्या गावात जाऊन पाहा. उथळ पाण्याला खळखळाट फार ही म्हण आपण माणसाला लावतो, पण ती आधी नदीवर पाहिलेली आहे. आवाज करणारे पाणी उथळ, आणि जिथे आवाज थांबला, पृष्ठभाग गुळगुळीत झाला, रंग काळपट झाला, तिथे खोली.

हे ज्ञान आजवर पुरे पडत होते. आता ते पुरे पडत नाही, याचे कारण रेतीचा उपसा. रेती साचते कुठे? आतल्या वळणावर आणि उतारावर. म्हणजे जी जागा पिढ्यान्‌पिढ्या उथळ म्हणून माहीत, तीच जागा उकरली जाते. उन्हाळ्यात यंत्रे येतात, ट्रॅक्टर आणि टिप्पर लागतात, आणि रेतीघाटावर पुरुष दोन पुरुष खोल खड्डे पडतात. मग पावसाळा येतो, खड्डे पाण्याने भरतात, वरून नदी पूर्वीसारखीच शांत दिसते. आजोबांनी दाखवलेल्या जागी नातू उतरतो. गुडघाभर पाण्यात चार पावले नीट जातात आणि पाचव्या पावलाला पायाखाली काही नसते. खड्ड्याची कड उभी असते, ती धरायला जावे तर हातात सुटी रेती येते. नैसर्गिक डोह हळूहळू खोल होत जातो, माणसाला परत फिरायला वेळ मिळतो. खड्डा तसा वेळ देत नाही.

याची खूण आहे, पण बारकाईने पाहावी लागते. उथळ रेतीवरून जाणाऱ्या पाण्यावर बारीक सुरकुत्या असतात. त्या सुरकुत्या मध्येच, सुरीने कापल्यासारख्या थांबल्या आणि पलीकडे गुळगुळीत काळपट चौकोन किंवा गोल दिसला, तर तो खड्डा समजा. काठावर रेतीचे ढीग, टिप्परच्या चाकोऱ्या असतील तर शंकाच नको. पाणी गढूळ असेल तर मात्र ही खूण दिसत नाही, तेव्हा भरवसा फक्त बांबूचा. पाऊल टाकण्याआधी बांबू टाका. आणि निवळ पाण्यातही डोळा फसवतो: चार हात खोल पाणी वरून तीन हातच दिसते. "तळ दिसून राह्यला ना, मंग काय भेव?" असे म्हणणाऱ्याला हे सांगा.

उन्हाळ्यात गावातल्या जाणत्या माणसांनी कोरड्या पात्रातून एक फेरी मारून कुठे खड्डे पडले ते पाहून ठेवावे, पावसाळ्याआधी त्या जागी काठावर उंच काठीला लाल फडके बांधावे आणि शाळेच्या पोरांना नेऊन ती जागा दाखवावी. ग्रामसभेत हा विषय निघाला पाहिजे. रेतीच्या पैशाची चर्चा होते, खड्ड्यांची होत नाही.

आता पुराकडे वळू. पूर्णेला उत्तरेकडून मिळणाऱ्या नद्या सातपुड्याच्या, गाविलगडच्या कड्यांवरून उतरतात. वर ढगांचा गडगडाट चालू असतो आणि खाली अचलपूर-अंजनगावकडे लख्ख ऊन असते. काठावर पाऊस नाही म्हणून नदी वाढणार नाही, असे समजणारा फसतो. वर्धा नदीचे पाणी मध्य प्रदेशातल्या मुलताईकडून येते. ३० जुलै १९९१ रोजी याच नदीचा पूर वरूडपलीकडच्या मोवाड गावात शिरला आणि दोनशेहून अधिक माणसे गेली. १४ सप्टेंबर २०२१ रोजी वरूड तालुक्यातल्याच झुंज येथे वर्धेत नाव उलटून अकरा जण बुडाले. ही जुनी माणसे सांगतात तसल्या दंतकथा नव्हेत, आपल्या डोळ्यांदेखतच्या गोष्टी आहेत.

पाणी वाढण्याआधी नदी सांगते. निवळ पाणी एकाएकी मातकट होते. ओली पाने, काड्या, फेसाचे गोळे वाहू लागतात. खळखळीचा आवाज बदलून खर्जातला होतो. इतका वेळ उघडा असलेला दगड बुडतो. गळ टाकून बसताना पाण्याच्या अगदी कडेला एक काडी रोवून ठेवावी आणि मधूनमधून तिच्याकडे पाहावे. काडी पाण्यात गेली की गळ गुंडाळा. मासा लागलेला असला तरी गुंडाळा. धरणाखालच्या नदीवर तर पावसाची खूणही मिळत नाही. महानच्या काटेपूर्णा धरणाचे किंवा सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणाचे दरवाजे उघडले की खाली पाणी चढते. भोंगा वाजला, दवंडी आली, तर ती आपल्यासाठीच आहे.

नाला ओलांडावा की नाही, हा प्रश्न शेतावरून परतताना दर पावसाळ्यात पडतो. बैल तहानेले, बाई-पोरे गाडीत, आणि समोर पाणी. अशा वेळी एक काटकी पाण्यात टाका आणि काठाने तिच्याबरोबर चाला. काटकी तुमच्या चालीने पळत असेल आणि पाणी गुडघ्याच्या वर असेल, तर थांबा. पाण्याचा वेग दुप्पट झाला की ढकलण्याचा जोर चौपट होतो, आणि एक मीटर लांब, रुंद, उंच एवढ्या पाण्याचे वजन हजार किलो असते. आपल्या बैलजोडीचेही तेवढे भरणार नाही. ट्रॅक्टर जड आहे म्हणून घालू नका. पुलावरून पाणी वाहत असेल तर खालचा पूल जागेवर आहे की नाही हे वरून कळत नाही. नाल्याचा पूर बहुधा काही तासांत उतरतो. एक रात्र वावरातल्या खोपडीत काढली तर काही बिघडत नाही.

बंधाऱ्याच्या भिंतीवरून पाणी पडते तिथे पोरांना पोहायला फार आवडते. पडणारे पाणी तळाशी जाऊन पुन्हा भिंतीकडे वळते. तिथे टाकलेले लाकूड पाहा, ते खाली वाहून न जाता जागच्या जागी गरगरत राहते. माणसाचे तेच होते. असे गरगरणारे लाकूड पोरांना एकदा दाखवून ठेवा.

गांधीग्रामच्या पूर्णेचे पाणी कावडीने आणून श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी अकोल्याच्या राजराजेश्वराला वाहतात. भक्ती मोठी, गर्दी मोठी, आणि नेमके तेव्हाच पूर्णेचे पाणी मातीच्या रंगाचे, तळ न दाखवणारे. भरणे तर काठाच्या पाण्यानेही भरते. पोरांना धारेकडे जाऊ देऊ नये.

कुणी बुडताना दिसलेच तर उडी घेऊ नका. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्याला मिठी मारतो आणि एकाचे दोन होतात. कासरा, धोतर, लुगडे, बांबू, रिकामी बंद डबकी, ट्रॅक्टरची ट्यूब, जे हाताशी असेल ते फेका. स्वतः वाहून गेलात तर धारेशी झगडू नका. उताणे व्हा, पाय खालच्या अंगाला ठेवा आणि तिरके तिरके काठाकडे सरका. बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगणे, पोटावर घालून फिरवणे, यात वेळ जातो. श्वास बंद असेल तर तोंडाने श्वास द्यावा, छाती दाबावी, आणि कुणी तरी लगेच १०८ ला फोन करून गाडी बोलवावी.

पाण्याच्या आणखी एका खुणेविषयी लिहायचे आहे. उन्हाळ्यात खारपाणपट्ट्यात पूर्णा तुटते आणि डोह तेवढे उरतात. पहाटे अशा डोहात मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले, तर पाण्यातली प्राणहवा संपत आली असे समजावे. रात्रभर शेवाळ-गवतही ती खर्च करते आणि नवी तयार होत नाही, म्हणून पहाट सगळ्यात वाईट. पण पावसाळ्यात, पाणी वाहते असताना, दुपारी मासे असे तडफडत वर आले तर खूण वेगळी. वरच्या अंगाला कुणी तरी फवारणीचा पंप नदीत धुतला असण्याचा संभव आहे. ते मासे खाऊ नयेत आणि ते पाणी जनावरांना पाजू नये. पंप वावराच्या धुऱ्यावर धुवावा, नदीत कधीच नाही. मासे मारण्यासाठी मुद्दाम औषध ओतणारे आणि सुरुंग लावणारेही आहेत. त्यात मोठ्या माशाबरोबर अंडी-पिले सगळे मरते आणि डोह पुढे कित्येक दिवस रिकामा राहतो.

मेळघाटात गेलात तर सेमाडोह, कोलकासजवळ सिपना नदी पाहा. तिथे गळ टाकायचा नाही, व्याघ्र प्रकल्पात मासेमारीला बंदी आहे. पण दगडधोंड्यांतून वाहणारे असे निवळ पाणी सपाटीवर सहसा मिळत नाही. वर सांगितलेले बाण, फुगवटे, फेसाच्या ओळी, धुरे, सगळे तिथे पुलावरून अर्ध्या तासात दिसतील. पोरांना बरोबर न्या आणि त्यांनाच विचारा की मासा कुठे असेल.

आपल्या गावच्या तलावात किंवा धरणात गळ टाकायचा असेल तर आधी मच्छीमार सोसायटीला विचारावे. बहुतेक तलाव त्यांच्याकडे ठेक्याने असतात आणि बीज त्यांनी पैसे देऊन सोडलेले असते. नदीवर जाणाऱ्यांनी सध्या सकाळी ऊन अंगावर येईपर्यंत आणि संध्याकाळी गाई परततात त्या वेळेला बसावे. आमिषाला गांडूळ पुरे. तरंगायला ज्वारीच्या धांड्याचा वीतभर तुकडा बांधा, बाजारातल्या रंगीत बोंडापेक्षा तो हलका, आणि वाम लागली की तो कसा तिरका सरकत जातो ते एकदा पाहण्यासारखे असते.